नंबर नसलेला चष्मा

कापसाचा हंगाम संपला की वडनेरच्या जिनिंगचं शेड रिकामं पडतं. मग त्यात लग्नं होतात, बियाणे कंपनीचे मेळावे होतात, आणि काहीच नसलं तर कुत्री झोपतात. या वर्षी त्यात नेत्रनाथ बाबा उतरले आणि कुत्र्यांचीसुद्धा पंचाईत झाली. पाय ठेवायला जागा नव्हती. बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, म्हातारे सरकीच्या पोत्यांवर चढून बसले होते, आणि मधोमध लाल गादीवर बाबा.

बाबांच्या डोळ्यांवर काळ्या कापडाची तिहेरी पट्टी होती. कपाळावर कुंकवानं काढलेला तिसरा डोळा, त्याला काजळानं पापण्याही काढलेल्या. बाजूला कैलास मंडपवाल्याचा भलामोठा टीव्ही लावला होता, म्हणजे मागच्यांनाही दर्शन व्हावं. टीव्हीवर बाबांच्या नाकातले केससुद्धा स्पष्ट दिसत. भक्तांना त्यांतही तेज दिसत होतं.

"अंजूमाई!" बाबा गरजले. "आँखें बंद, मगर सब दिखता है! तुझ्या रसोईत एक फ्रीज आहे. त्या फ्रीजचं दार... दार... सुतळीनं बांधलेलं आहे!"

"माय वो!" आमची शेजारीण अंजू जागेवरच उडाली. "होये! सुतळीच हाय!"

"भिंतीवर कॅलेंडर आहे. बारा तारखेवर फुली आहे. त्या दिवशी तुझ्या घरी दूध आलं नाही, माई!"

"दूधवाल्याच्या साळ्याचं लगन होतं बाबा त्या दिवशी," असं म्हणून अंजू ढसढसा रडायला लागली. दूध न आल्याचं एवढं दुःख तिला बारा तारखेलाही झालं नसावं.

शेड जयजयकारानं दणाणलं. फ्रीजचं दार सुतळीनं बांधलंय, हे अंजूला माहीत होतं, अंजूच्या नवऱ्याला माहीत होतं, अर्ध्या गल्लीला माहीत होतं. जे सगळ्यांना माहीत आहे तेच सांगण्यासाठी बाबांना हिमालयात बारा वर्षं का बसावं लागलं, हा प्रश्न फक्त मला पडला होता. पण माझा स्वभाव तिरसट आहे, असं माझा नवरा प्रफुल म्हणतो. त्याचं कृषी केंद्र आहे, दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागतं, त्यामुळे त्याला कोणीही तिरसटच वाटतं. मी वर्षाली. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते.

मी तिथे गेले होते ती सासूबाईंसाठी. देवकाबाई, आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर आम्ही त्यावर हसून घेतलं. त्या चहात मीठ टाकत. एकदा सावलीत ठेवलेल्या युरियाच्या पोत्याला त्यांनी चांगलं फैलावर घेतलं, "बसून काऊन राह्यला गा? निंदण कोण करन?" म्हणून. पोतं काही उठलं नाही. पण मागच्या महिन्यात ओट्याच्या पायरीवर त्यांचा पाय चुकला आणि डोकं दगडावर आपटता आपटता वाचलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी बजावलं, उजवा डोळा पूर्ण पिकलाय, आता लांबवू नका. मंगळवारची तारीख मिळाली.

आणि मंगळवारच्या आधीचा हा गुरुवार.

"देवकामाई!" बाबांनी नाव घेतलं, तशा आत्याबाई चाचपडत उभ्या राहिल्या. "तुझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला हिरवी पिशवी टांगलेली आहे. पिशवीत कागद आहेत. मला त्या कागदांत लोखंड दिसतं, माई! ते लोखंड तुझ्या डोळ्यात जाणार आहे! जाऊ देऊ नको. इतवारी दरबारात ये. मी स्वतः तुझ्या डोळ्यांत दिव्य अंजन घालीन. पिशवी वेणामाईच्या पाण्यात सोड."

हिरवी पिशवी खरंच होती. खिळाही होता. दवाखान्याची फाईल तिच्यातच होती.

घरी आल्यावर मी समजावून पाहिलं.

"आत्याबाई, डोळ्यात भलतंसलतं घालू नका. मंगळवारी ऑपरेशन आहे."

"वर्षाली, थो माणूस डोयाले पट्टी बांधून माही पिशवी पायते," आत्याबाई म्हणाल्या. "अन् तुहा डॉक्टर बॅटरी लावू लावू पायते, तरी म्हणते, आणखी तपासा लागन. मंग मोठा कोण झाला, सांग बरं?"

मी गुपचूप पिशवीतले कागद काढून माझ्या कपाटात ठेवले आणि तिच्यात सहामाहीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका भरल्या. दुसऱ्या दिवशी वेणा नदीला आठवीच्या विज्ञानाचा पेपर मिळाला.

आता हे बाबांना कळलं कसं? मला एकाच माणसाचा संशय होता. बाबांचा चेला भूपेंद्र. आठवडाभर तो गावात घरोघर फिरला होता. दारात उभा राहून विचारायचा, "कोणाचं घर, माय?" मग आत येऊन स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत पाणी शिंपडायचा. बारीक अंगाचा, जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावलेला पोरगेला माणूस. एका हातात कमंडलू, दुसऱ्यात मोरपिसांचा कुंचा.

"तो बघतो आणि बाबांना सांगतो," मी प्रफुलला म्हटलं.

"इतक्या घरांचं? कोणाची सुतळी, कोणाचं दूध, कोणाची पिशवी, काय काय ध्यानात ठेवन थो? मले दुकानातले औषधं ध्यानात राहत नाई."

"मोबाईलवर फोटो काढत असेल."

"कोणत्या हातानं? त्याचे दोन्ही हात गुंतलेले राहते. आईनं पायलं, अंजूनं पायलं."

आत्याबाईंनी पाहिलं, या साक्षीचं मोल काय होतं ते सोडून द्या. पण अंजूचे डोळे चांगले होते. नवऱ्याशी वादात हरणं यासारखी वाईट गोष्ट नाही.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. वडनेरात चष्मा ही खासगी वस्तू नाही. वाचायचा चष्मा विकत एक जण आणतो, ओट्यावर ठेवतो, आणि पेपर हाती लागेल तो तो चष्मा चढवतो. माझे सासरे प्रभाकरराव, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ते तर चष्मेवाला दिसला की रामरामच्या आधी विचारतात, "किती नंबर हाय गा?" उत्तराची वाट पाहत नाहीत. समोरच्याच्या नाकावरून चष्मा उतरवतात, स्वतःच्या नाकावर ठेवतात, भिंतीवरचं काहीतरी वाचतात आणि निकाल देतात. एकदा बँकेचे साहेब कर्जाची चौकशी करायला आले, तर मामाजींनी त्यांचाच चष्मा लावून त्यांचंच ओळखपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. भूपेंद्र पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा मामाजी वावरात होते, म्हणून तो वाचला होता.

शनिवारी तो पुन्हा आला. शाळा सकाळची असते, मीही नुकतीच परतले होते. अंजनाची डबी आत्याबाईंच्या हाती देऊन रविवारी ती सोबत आणा, असं सांगायला तो आला होता. दारात त्यानं पाठ केल्यासारखं विचारलं, "कोणाचं घर, माय?"

"देवकाबाईचं," आत्याबाई म्हणाल्या. "तुले माहीत नाई काय? बस, जेवून घे. पाटोडीचा रस्सा केला."

बेसनाच्या वड्यांचा आमच्याकडचा रस्सा आधीच झणझणीत. त्यात आत्याबाईंनी, तिखट टाकलं की नाही ते न दिसल्यामुळे, दोनदा टाकलं होतं. पहिल्या घासाला भूपेंद्र लाल झाला. दुसऱ्याला त्याच्या कानांतून घाम आला. तिसऱ्याला चष्म्याच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या. त्यानं चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि तोंड पुसायला गमछा चाचपडू लागला.

मामाजी दारातून आत आले. खिडकीत चष्मा. झालं.

"किती नंबर हाय गा?" म्हणेपर्यंत चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांनी कॅलेंडर पाहिलं, मग दूर धरून तळहात पाहिला. "अबे, याले तं नंबरच नाई! नुसती काच हाय! तू हे वझं नाकावर घेऊन कायले फिरते?"

भूपेंद्रला ठसका लागला. तिखट नाकात गेलं. "बाबूजी... चष्मा... देजो..." एवढंच तो कसंबसं म्हणाला.

"वर्षाली, पाय बरं."

मी हातात घेतला. चष्मा जड होता. उजवी काडी कोमट लागत होती, तापल्या मोबाईलसारखी. कोपऱ्यात मोहरीएवढं भोक, त्यात काच. आणि मला पिपरी मेघे गावातलं भाचीचं लग्न आठवलं. तिथला फोटोग्राफर दोन्ही हात वर करून वरातीत नाचत होता, आणि महिन्याभरानं आलेल्या व्हिडिओत आम्ही सगळे नाचताना, जेवताना, एकमेकींच्या साड्यांना नावं ठेवताना हुबेहूब दिसलो होतो. त्याच्या चष्म्यातच कॅमेरा होता. हातांचा काही संबंधच नव्हता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि खोटं कशाला बोलू, भयंकर रागही आला. हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून सगळं टिपत होता, आणि आम्ही त्याला पाया पडत होतो!

पण तेव्हाच आरडाओरडा करून उपयोग नव्हता. बाबा म्हणाले असते, चेला पापी निघाला, मी पवित्रच आहे. मी चष्मा मामाजींच्या नाकावर परत ठेवला.

"मामाजी, तुम्हाला शोभतोय. हिरालालकाकांना दाखवून या ना."

मामाजी खुशीत आपल्या जुन्या दोस्ताकडे निघाले. भूपेंद्र ताटावरून उठायला गेला, तर आत्याबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

"भरल्या ताटावरून उठते काय? घे, पाटोडी घे."

"माई, माहा चष्मा!"

"त्याले नंबर नाई म्हणते ना थे. मंग काय काम हाय त्याचं? रस्सा घे."

आमच्याकडचा आग्रह आणि त्यात दुप्पट तिखट. बिचारा अर्धा तास हलू शकला नाही. तोवर मामाजी गोठ्यात जाऊन आले, पानठेल्यावर पेपर वाचून आले, आणि हिरालालकाकांच्या कापडदुकानात बसून आले. चष्मा परत करताना म्हणाले, "कोपऱ्यावर काया चिकटपट्टीचा तुकडा लागला होता. नखानं खरवडून टाकला मी."

भूपेंद्रनं चष्मा हिसकावला आणि पाणीही न पिता पळाला. त्याला बाबांची इतकी भीती होती की घडलेलं सांगायचं धाडस त्यानं केलं नाही. चष्मा तसाच बाबांच्या हाती दिला. बाबा घराचं नाव ऐकलं की आवाज बंद करून बाकीचं पळवत पाहत, हेही त्यानं नंतर कबूल केलं.

रविवारी संध्याकाळी शेड फुटायला आलं होतं. पहिल्या रांगेत आत्याबाई, मुठीत अंजनाची डबी. मी ती हुंगून पाहिली होती. कापूर, डोकेदुखीचा बाम आणि आणखी काहीतरी झोंबरं. ते पिकलेल्या डोळ्यात जाणार होतं. हिरालालकाका मामाजींच्या बाजूला फुटाणे खात बसले होते.

बाबांनी पट्टी बांधली. "देवकामाई, पुढे ये. अंजन घालण्याआधी मला तुझं घर दिसू दे... दिसलं! घरात एक आत्मा आहे! वयोवृद्ध पुरुष. डोक्यावर लाल फेटा. मिशी एका बाजूनं पांढरी, एका बाजूनं काळी. भिंतीवर त्याची तस्वीर आहे, तस्वीरीला हार आहे! हा पुरुष मरण पावलेला आहे, आणि त्यानंच तुझी दृष्टी धरून ठेवली आहे!"

सगळ्यांच्या माना हळूहळू हिरालालकाकांकडे वळल्या. डोक्यावर लाल फेटा. मिशी एका बाजूनं पांढरी, कारण काकांचा कलप दर वेळी एकाच बाजूला पुरे, फोटोच्या दिवशीही.

पंच्याहत्तरी झाली तेव्हा व्यापाऱ्यांनी काकांचा सत्कार केला होता. हारातल्या झेंडूनं मानेला खाज सुटली म्हणून काकांनी तो काढून दुकानातल्या स्वतःच्या फोटोला घातला. तेव्हापासून तो तिथेच आहे. गावाला ठाऊक होतं. बाबांना नव्हतं.

काका उभे राहिले. "मी मेलो? कवा मेलो? मले काऊन नाई सांगतलं कोणी?"

पट्टीच्या आड बाबांना काही दिसत नव्हतं. ते हात वर करून ओरडले, "ऐका! आत्मा बोलतो आहे! त्याचा आवाज माझ्या कानी येतो आहे!"

"मंग येईनच ना! तुह्या समोर उभा हाय मी!"

"आत्मा, शांत हो!"

"फुटाणे खाऊन राह्यलो बे मी! आत्मा फुटाणे खाते काय?"

हसू आधी पोट्ट्यापोरांत फुटलं, मग बायांत, मग सगळं शेड गदगदायला लागलं. मी उठले, आत्याबाईंच्या हातातली डबी काढून घेतली आणि भूपेंद्रकडे बोट केलं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्याच्या चष्म्याच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरा दिवा चमकत होता. व्हिडिओ सुरू असला की लागणारा दिवा, ज्यावर त्यानं चिकटपट्टी लावली होती आणि मामाजींनी ती खरवडली होती.

"मामाजी," मी म्हटलं, "जरा नंबर बघा."

मामाजींना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. भूपेंद्रच्या नाकावरून चष्मा उतरला. कैलासनं त्याला वायर जोडली, आणि टीव्हीवर बाबांच्या नाकाऐवजी आमचं घर आलं. "कोणाचं घर, माय?" "देवकाबाईचं." मग पाटोडी. मग आमच्या म्हशीचं तोंड, फार जवळून. मग काकांचं दुकान, हार घातलेला फोटो, आणि मामाजींचा आवाज, "हिरालाल, मेल्यावर नवा हार घालतीन का हाच चालवतीन?"

लोक हसून लोळले. पण कैलासनं त्याच्या आधीचे व्हिडिओ लावले, तसं हसू विरत गेलं. अंजूचा फ्रीज, कॅलेंडर, बारा तारखेची फुली. कोणाच्या मोरीची उघडी खिडकी. कोणाची बाळंतीण खाटेवर, अंगावर पातळ नीट नाही. कोणाच्या कपाटाचं दार आणि त्यातली किल्ली.

"हे माहं घर होये!" एक बाई किंचाळली. "बंद कर थे, कैलास!"

कैलासनं ताबडतोब बंद केलं. शेडमध्ये आता रागाची कुजबुज होती. बाबा उठले. हिमालयाची भाषा कुठल्या कुठे गेली. "भूप्या, गाडी काढ बे!" म्हणत ते पळाले, पण घाईत पट्टी सोडायची राहून गेली, आणि ते थेट मंडपाच्या खांबावर जाऊन आदळले. दोन्ही डोळे बंद होते, तिसऱ्याला खांब दिसला नाही. पोलीस येईपर्यंत ते तिथेच कपाळ चोळत बसले होते, आणि कुंकवाचा डोळा पुसून गालावर उतरला होता.

भूपेंद्र रडत होता. आत्याबाई चाचपडत त्याच्याजवळ गेल्या.

"मी तुले माह्या हातानं जेवू घातलं ना रे," त्या म्हणाल्या. "घर पायचं होतं तं सांगतलं असतं, मी दाखवलं असतं. असं चोरून काऊन पायलं?"

त्यानं मान खाली घातली. "लगनाचे व्हिडिओ काढत होतो, माई. काम बंद पडलं. बाबानं म्हणलं, नुसतं चालायचं हाय, बाकी चष्मा करते."

आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वर्षाली, पिशवी तं म्या नदीत सोडली. आता मंगळवारी कसं होईन वो?" पिशवी आपणच बुडवली आणि आता आपले डोळे गेले, असं त्यांना वाटत होतं.

"कागद माझ्या कपाटात आहेत, आत्याबाई. नदीत आठवीचा पेपर गेला."

त्यांनी माझा हात धरला आणि घरी जाईपर्यंत सोडला नाही.

त्या दिवशी माईक माझ्या हाती आला म्हणून मी जे बोलले, ते इथेही लिहिते. चष्म्यातला कॅमेरा वाईट नाही. दोन्ही हात मोकळे ठेवून काम करणाऱ्याला ती सोयीची वस्तू आहे. वाईट आहे ते न विचारता दुसऱ्याचं घर टिपणं, आणि त्याला दिव्यदृष्टी म्हणणं. जो तुमच्याच घरातली गोष्ट तुम्हाला सांगून चकित करतो, त्याला एवढंच विचारा, तुला कळलं कसं? आणि जो दवाखान्याचे कागद नदीत सोडायला सांगतो, त्याच्या हातचं औषध डोळ्यात तर नकोच, पायालाही लावू नका. आमचे मामाजी काही शास्त्रज्ञ नाहीत. पण समोरच्याचा चष्मा मागून घ्यायचा, स्वतःच्या डोळ्याला लावून पाहायचा आणि मगच मत द्यायचं, ही त्यांची खोड आम्ही शाळेत शिकवतो त्या विज्ञानापेक्षा वेगळी नाही. लाजू नका. मागून घ्या आणि पाहा.

मंगळवारी ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा आत्याबाईंनी आधी मला पाहिलं. "तुहे केस एवढे पांढरे कवा झाले वो?" मग घरी येऊन स्वयंपाकघराचं छत पाहिलं. "अन् हे जाये? वर्षभर झाडलं नाई काय?" दृष्टी परत आल्याचा आनंद मला दोन दिवस जाळी काढत साजरा करावा लागला.

महिन्याभरानं त्यांना जवळचं पाहायचा चष्मा मिळाला. त्यांनी तो लावला, तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं आणि खडे निवडायला बसल्या. मामाजी आले, वाकले, चष्मा उतरवला, स्वतःच्या नाकावर ठेवला आणि कॅलेंडर वाचून पाहिलं.

"हो," ते समाधानानं म्हणाले. "याले नंबर हाय."

"मंग द्या इकडे," आत्याबाई हात पुढे करून म्हणाल्या. "मले पाहू द्या."